विंचेस्टर १८९४ : ‘सगळे कारखान्याचेच आहे’ हा दावा पडताळायचा कसा?

माळरान (कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. येथील एका जुन्या शेतघरातील सामानाच्या लिलावात मी विंचेस्टर कंपनीची १८९४ नमुन्याची लिव्हर-ॲक्शन (खालची लिव्हर हलवून काडतूस भरायची) रायफल घेतली. क्रमांक रिसीव्हरच्या (नळी आणि दस्ता यांच्यामधल्या, यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या भागाच्या) पोटावर, पुढच्या बाजूला कोरलेला असून तो दोन लाख साठ हजारांच्या घरातला आहे. काडतूस .३८-५५, नळी अष्टकोनी आणि २६ इंची, मॅगझिनची (काडतुसे साठवायची) नळी अर्ध्यावरच संपणारी, आणि दस्त्याच्या टोकाला नेहमीच्या चंद्रकोरी पट्टीऐवजी शॉटगनला असते तशी सपाट पट्टी आहे. रिसीव्हरवर निळ्या, करड्या आणि तपकिरी छटांची ढगाळ नक्षी आहे, म्हणजे ज्याला केस-हार्डनिंगचे रंग म्हणतात ते.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, ही रायफल कारखान्यातूनच खास मागणीनुसार अशी बाहेर पडली असून तिच्यातले काहीही बदललेले नाही. किंमत त्याने त्याच हिशेबाने लावली होती. मी ती पूर्ण दिली नाही, पण कमीही दिलेली नाही. हा दावा तपासण्यासाठी कोणत्या खुणा पाहाव्यात आणि कोणत्या खुणेवर किती भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पोलादपट्टी

रायफल देखणी आहे यात शंका नाही. मात्र लिलावाच्या पत्रकांत ‘देखणी’ आणि ‘मूळची’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे थोडे बारकाईने पाहू.

सर्वांत मोठा दावा रिसीव्हरच्या रंगांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल. केस-हार्डनिंग करताना पोलादाचा भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद पेटीत ठेवून तापवतात आणि मग एकदम पाण्यात बुडवतात. त्यामुळे वरचा थर कार्बन शोषून कडक होतो आणि ते रंग उमटतात. विंचेस्टरच्या १८८६ या नमुन्यावर हे रंग १९०१ पर्यंत नेहमीचेच होते. मार्लिन कंपनीच्या त्या काळातल्या लिव्हर रायफलींचे रिसीव्हर तर रंगीत म्हणूनच ओळखले जात. विंचेस्टरच्या १८९४ ची गोष्ट वेगळी आहे. तिच्या रिसीव्हरला पहिल्यापासून ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) असे. केस-हार्डनिंग हवे असल्यास ते जादा पैसे भरून मागवावे लागे आणि तसे मागवणारे गिऱ्हाईक अगदी विरळा होते. १८८६ पाहून तयार झालेली नजर १८९४ ला लावली की फसगत होते, आणि रंग चढवून देणाऱ्यांचा धंदाही बऱ्याच अंशी याच फसगतीवर चालतो.

आता तुमच्या छायाचित्राकडे वळतो. रायफल हातात धरून चालताना तळवा जिथे येतो ती जागा म्हणजे रिसीव्हरचा तळ. शंभर वर्षांहून अधिक काळ शेतावर वापरलेल्या रायफलीत तेथील रंग पार उडालेले असावेत आणि ते फक्त आडोशाच्या जागी, म्हणजे घोड्याच्या बाजूला, लिव्हरच्या मागे, लाकडाच्या कडेलगत शिल्लक असावेत. तुमच्या रायफलीत लिव्हर घासून करडी झाली आहे, नळीवरचे ब्लूइंग तपकिरी पडले आहे, आणि रिसीव्हर मात्र तळापर्यंत एकसारखा रंगीत आहे. एकाच रायफलीचे भाग एकाच हाताने झिजतात. त्यांचे वय निरनिराळे दिसत असेल तर त्यांतल्या कोणत्या तरी एका भागावर नंतर काम झाले आहे असे धरून चालावे.

दुसरी जागा कडांची. कारखान्यातले पॉलिश करणारे कामगार सपाट पृष्ठभाग सपाट ठेवत आणि कडा धारदार ठेवत. पुन्हा रंग चढवण्यापूर्वी जुना गंज आणि खड्डे काढावे लागतात, त्यासाठी बफचे चाक फिरवले जाते, आणि चाक कडेवर आले की कड गोलसर होते. स्क्रूच्या भोकाभोवतीचा भाग बशीसारखा खोलगट झाला आहे का, ते तिरप्या उजेडात पाहा. वरच्या टँगवर (रिसीव्हरच्या मागे दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीवर) मॉडेलचे नाव आणि २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख असलेला ठसा आहे, त्याच्या अक्षरांचे काठ भिंगातून तपासा. ठसा मारताना अक्षराच्या काठाला धातू किंचित वर येतो. पॉलिश झालेल्या टँगवर तो काठ नाहीसा होतो आणि अक्षरे उथळ दिसतात.

आणखी एक गोष्ट, जी नवख्यांना उलटी वाटते. जुन्या विंचेस्टरच्या रिसीव्हरवरचे ब्लूइंग कधीकधी पापुद्र्यांनी सुटते आणि खाली राखाडी किंवा तपकिरी धातू दिसतो. बाजारात अशा रायफलीला नावे ठेवली जातात, परंतु तो पापुद्रा खोटा निर्माण करणे अवघड आहे, आणि मला व्यक्तिशः चकचकीत रिसीव्हरपेक्षा असा रिसीव्हर पाहून अधिक हायसे वाटते.

वाटाड्या

रंग खरे की गॅसच्या ज्योतीने उमटवलेले, हे समजायला सोपा उपाय आहे. आतल्या बाजूला बारीक कानस हलकेच घासून पाहावी. केस-हार्डनिंग खरे असेल तर कानस घसरेल, नुसती ज्योत फिरवलेली असेल तर कानस धातू पकडेल.

पोलादपट्टी

वाटाड्या, तत्त्व बरोबर आहे, तरी कृपया असे कोणी करू नये. जी गोष्ट नजरेने कळते तिच्यासाठी कानशीचा कायमचा ओरखडा कशाला पाडायचा? शिवाय त्या परीक्षेतून इतकेच कळते की भाग कडक केलेला आहे. तो १९०२ मध्ये न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्यात कडक केला की गेल्या दशकात एखाद्या कुशल कारागिराने हाडांच्या कोळशातच कडक केला, हे कानस सांगणार नाही. आज अमेरिकेत हे काम जुन्या पद्धतीने उत्तम करणारे कारागीर आहेत, आणि त्यांचे काम उघडपणे ‘पुनर्रचना’ म्हणून विकले जाते तोवर त्यात वावगे काहीच नाही.

सुतारपक्षी (मूळ कोल्हापूर, सध्या ओहायो)

मी पेशाने लाकूडकाम करणारा असल्याने दस्त्याबद्दल लिहितो.

कारखान्यात दस्ता रिसीव्हरवर बसवून नंतर घासला जाई, आणि मूळ दस्त्याचे लाकूड धातूच्या कडेपेक्षा केसभर उंच राहिलेले आढळते. बोटाचे टोक धातूकडून लाकडाकडे सरकवले तर ती पायरी जाणवते. दस्ता कोणी पॉलिशपेपरने घासून नव्याने वार्निश केला असेल तर पायरी उलटी होते, धातू उंच आणि लाकूड खाली. टँगच्या दोन्ही कडा आणि मागच्या पट्टीचा संपूर्ण घेर अशा रीतीने तपासा. पट्टीची कड लाकडाबाहेर डोकावत असेल तर लाकूड नक्कीच कमी झालेले आहे.

सपाट पट्टीबद्दल माझ्या मनात स्वतंत्र शंका आहे. शॉटगन पद्धतीची पट्टी खास मागणीने मिळत असे, हे खरे. पण चंद्रकोरी पट्टीचे टोक खांद्याला बोचते म्हणून गावातल्या सुताराकडून दस्ता कापून सपाट पट्टी बसवून घेणारेही पुष्कळ होते. पट्टीचे दोन स्क्रू काढून आत पाहा. कापलेल्या दस्त्यात जुन्या स्क्रूचे भोक किंवा ते बुजवलेली खुंटी दिसते, विशेषतः वरच्या टाचेकडे, कारण चंद्रकोरी पट्टीचा वरचा पाय लाकडावर बराच पुढे आलेला असतो आणि त्याच्यासाठी कोरलेली जागा सहजी लपत नाही. ताज्या कापाचे लाकूड आतूनही फिके असते. शंभर वर्षांचे लाकूड तेलाने आणि घामाने काळवंडलेले असते.

निवडक अक्रोडाच्या, नक्षीदार जाळीच्या दस्त्यांवर विंचेस्टरचे कामगार जुळणीचा क्रमांक मारत. तोच आकडा टँगच्या बाजूला, दस्त्याच्या आतल्या खाचेत आणि पट्टीच्या आतल्या अंगाला आढळतो. तिन्ही ठिकाणी एकच आकडा असेल तर ते तीन भाग एकत्रच जन्मले. साध्या दस्त्यावर असा आकडा नसला तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि टँगचा स्क्रू काढताना खाचेत नेमका बसणारा पेचकसच वापरा. मूळ स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात, रुंद पात्याने त्या फाटतात आणि मग तुमचीच रायफल पुढच्या गिऱ्हाइकाला संशयास्पद वाटते.

ठिणगी

नळीवर, रिसीव्हरच्या अगदी पुढे, लंबवर्तुळात ‘डब्ल्यू’ आणि ‘पी’ ही जोडलेली अक्षरे आहेत का? आणि रिसीव्हरच्या माथ्यावर, नळीच्या सांध्याजवळ, तसाच ठसा आहे का? फोटोत तेवढीच जागा अंधारात गेली आहे.

माळरान

सर्वांचे आभार. सुतारपक्षी, पट्टी काढून पाहिली. आत जुने भोक नाही, खुंटी नाही, लाकूड सगळीकडे सारखेच काळपट आहे. टँगपाशी लाकूड उंच आहे. ठिणगी, नळीवर तो ठसा स्पष्ट आहे. रिसीव्हरच्या माथ्यावर मात्र काहीच दिसत नाही.

ठिणगी

मग प्रश्न गुंतागुंतीचा झाला. हा ठसा म्हणजे विंचेस्टरच्या चाचणीची खूण. रायफलीतून जादा दाबाचे काडतूस झाडून ती टिकली की तो मारला जाई, आणि कंपनीने तो १९०५ मध्ये सुरू केला. दोन लाख साठ हजारांच्या घरातला रिसीव्हर त्याच्या आधीचा आहे, त्यामुळे त्यावर ठसा नसणे योग्यच. पण मग नळीवरही तो नसायला हवा. नळी १९०५ किंवा त्यानंतरची आहे. कंपनी सुट्या नळ्या टपालानेही विकत असे, पण त्यांच्यावर लंबवर्तुळात नुसता ‘पी’ असा निराळा ठसा मारला जाई. तुमचा ठसा तो नाही. म्हणजे बहुधा ही नळी दुसऱ्या एखाद्या पुऱ्या रायफलीची आहे.

खतावणी

ठिणगी यांच्या तर्काला माझा विरोध नाही. पण निकाल देण्यापूर्वी कोडी येथून पत्र, म्हणजे कारखान्याच्या वहीतल्या नोंदीचा उतारा, मागवावे, असे सुचवतो. वायोमिंगमधील कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेत कोडी फायरआर्म्स म्यूझियम आहे आणि विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या तिथे जपलेल्या आहेत. १८९४ नमुन्याच्या नोंदी ३,५३,९९९ या क्रमांकापर्यंत उपलब्ध आहेत, त्यामुळे तुमची रायफल त्यात सापडेल. मार्लिनच्या मालकांसाठीही सांगतो : मार्लिनच्या १८८३ ते १९०६ या काळातल्या वह्यासुद्धा तिथेच आहेत.

या नोंदीत रायफल गोदामात केव्हा आली, केव्हा रवाना झाली, काडतूस कोणते, नळी गोल की अष्टकोनी, आणि नेहमीपेक्षा वेगळे काही मागवले असल्यास ते, असा मजकूर असतो. १८९४ वर केस-हार्डनिंग असेल तर ते जादा पैशांचे काम असल्याने लिहिलेले असायला हवे. नोंदीत शब्द नाही आणि रायफलीवर रंग आहेत, असे निघाले तर वाद तिथेच मिटतो.

पत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ते पत्र क्रमांकाविषयी असते, तुमच्या हातातल्या पोलादाविषयी नसते. वहीत ‘अष्टकोनी नळी’ लिहिले आहे आणि तुमच्या रायफलीला अष्टकोनी नळी आहे, एवढ्यावरून ती तीच नळी ठरत नाही. पत्र आधी मागवून, त्यातल्या वर्णनाबरहुकूम भाग गोळा करून रायफल ‘पत्राशी जुळणारी’ बनवण्याचे उद्योगही झालेले आहेत. १८७३ नमुन्याच्या ‘वन ऑफ वन थाउजंड’ रायफलींच्या बाबतीत तर हे फारच झाले, कारण १८७५ च्या सुमारास १०० डॉलरला विकल्या गेलेल्या त्या निवडक रायफली आज अतिशय दुर्मीळ आहेत, आणि नळीच्या माथ्यावर चार शब्द कोरून किंमत कैक पटींनी वाढवण्याचा मोह अनेकांना आवरला नाही.

जाता जाता कायद्याचा मुद्दा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुरातन गणले जाते. तुमचा क्रमांक त्यानंतरचा असल्याने ही रायफल पुरातन म्हणून विकता येणार नाही. ज्यांचे क्रमांक त्या सीमेच्या आसपास आहेत त्यांनी इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यांवर विसंबू नये. कारखान्याच्या पॉलिश विभागातील नोंदींनुसार येणारे वर्ष आणि त्या तक्त्यांतले वर्ष अनेकदा जुळत नाही.

वाटाड्या

मला एक कळत नाही. नळी १९०८ ची असो वा १९०२ ची, दोन्ही विंचेस्टरच्याच आणि रायफल नेम धरून झाडता येते. मग इतकी चिरफाड कशासाठी?

पोलादपट्टी

शिकारीसाठी घेतली असती तर चिरफाड नको होती, नळीचे आटे आणि काडतूस ठेवायची जागा शाबूत आहे की नाही एवढे पाहिले असते. इथे विक्रेत्याने ‘खास मागणीची, न बदललेली’ या शब्दांचे पैसे घेतले आहेत. शब्दांचे पैसे घेतले तर शब्द तपासले जाणारच.

माळरान, पत्र येईपर्यंत नळीची लांबी मोजून ठेवा. लिव्हर बंद करून नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टला (नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत सरकवा आणि तोंडापाशी खूण करा. नंतर पुढच्या साईटची खाच तोंडापासून किती मागे आहे ते पाहा. १८९४ च्या रायफलीत हे अंतर साधारण एक इंचाच्या आतबाहेर असते; ते लक्षणीय कमी भरले तर नळी तोंडाकडून कापलेली आहे. छोट्या नळीच्या, म्हणजे ‘ट्रॅपर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्बाइनींबाबत (आखूड रायफलींबाबत) ही परीक्षा सर्वांत आधी करावी, कारण २० इंची साधी कार्बाइन कापून ट्रॅपर बनवणे हा जुना धंदा आहे. तिथे कायद्याचाही प्रश्न येतो. १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवर १९३४ च्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत, आणि कारखान्यातूनच तशा निघालेल्या काही ट्रॅपर त्यातून वगळल्या गेल्या असल्या तरी घरी कापलेल्या नळीला ती सवलत नाही.

माळरान

पत्र आले. मुख्य मजकूर असा : काडतूस .३८-५५, अष्टकोनी नळी, अर्धे मॅगझिन, शॉटगन पद्धतीचा दस्ता, १९०२ मध्ये गोदामात आली आणि त्याच वर्षी रवाना झाली. केस-हार्डनिंगचा उल्लेख नाही. शेवटी १९०९ मधील एक तारीख आणि तिच्यापुढे ‘आर अँड आर’ असे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ काय?

नळीची लांबी बरोबर २६ इंच भरली आणि पुढची साईट तोंडापासून सुमारे एक इंच मागे आहे.

खतावणी

‘आर अँड आर’ म्हणजे परत आली आणि दुरुस्त केली. १९०९ मध्ये ही रायफल मालकाने कारखान्याकडे पाठवली होती. काय दुरुस्त केले ते वह्यांत सहसा लिहिलेले नसते, पण १९०५ नंतरचा ठसा असलेली नळी आणि १९०९ ची दुरुस्ती यांची सांगड सहज बसते.

ठिणगी

बसते, पण एक अडचण उरते. कारखान्याने नवी नळी बसवून चाचणी घेतली असती, तर सहसा रिसीव्हरवरही तो ठसा मारला असता. रिसीव्हर कोरा का?

पोलादपट्टी

कारण रिसीव्हरवर नंतर काम झाले आहे. रंगांविषयी वहीत अवाक्षर नाही, त्यामुळे ते नंतरचे आहेत हे आता उघड आहे, आणि रंग चढवण्यापूर्वी माथ्यावर बफ फिरला असणार. माळरान, खोली अंधारी करा, रिसीव्हरचा माथा डोळ्यांसमोर आडवा धरा आणि छोटी बॅटरी धातूला जवळजवळ टेकवून एका बाजूने उजेड टाका. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. ठसा मारताना खालचा धातू दबलेला असतो, आणि वरची अक्षरे घासली गेली तरी खोलगट भागाचा पुसट घेर बहुधा उरतो.

माळरान

आहे! नळीच्या सांध्यापासून थोडे मागे लंबवर्तुळाची डावी कड आणि ‘पी’ चा उभा दांडा दिसतो. सरळ उजेडात काहीच दिसत नाही. छायाचित्र जोडले आहे. टँगवरच्या पेटंटच्या तारखेतही ‘ऑगस्ट’ चे शेवटचे अक्षर जवळजवळ गेलेले आहे, हे आता लक्षात आले.

ठिणगी

छायाचित्र पाहिले. नळी दुसऱ्या रायफलीची असावी, हा माझा अंदाज मागे घेतो.

सुतारपक्षी

म्हणजे दस्ता १९०२ चा, नळी बहुधा १९०९ ची आणि कारखान्यानेच बसवलेली, रंग मात्र परके. विक्रेत्याने नेमका जो एक परका भाग होता त्याचाच सर्वांत जास्त डंका पिटला.

माळरान

दोन प्रश्न राहिले. हे रंग काढून रिसीव्हरला मूळच्यासारखे ब्लूइंग करून घ्यावे का? आणि माझ्या नोंदवहीत व विम्याच्या कागदांत या रायफलीचे वर्णन काय लिहावे?

पोलादपट्टी

काढू नका. त्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागेल, तो पुसट ठसा कायमचा जाईल, आणि तुमच्या हाती राहिलेला एकमेव पुरावा तुम्हीच नष्ट कराल. हलके तेल लावून ठेवा, स्क्रू पुन्हा उघडू नका.

वर्णन असे लिहा : ‘विंचेस्टर १८९४, .३८-५५, १९०२ मध्ये रवाना. अष्टकोनी नळी, अर्धे मॅगझिन आणि शॉटगन दस्ता कोडीच्या पत्राशी जुळतात. नळीवर १९०५ नंतरचा चाचणीचा ठसा, पत्रात १९०९ ची कारखान्यातील दुरुस्ती. रिसीव्हर नंतर पॉलिश करून त्यावर केस-हार्डनिंगचे रंग दिलेले, माथ्यावरील ठसा तिरप्या उजेडात अंशतः दिसतो.’ पत्राची प्रत आणि तिरप्या उजेडातले छायाचित्र त्याच पाकिटात ठेवा. ‘मूळची’ हा शब्द कुठेही एकटा वापरू नका. कोणता भाग, आणि कशावरून, हे प्रत्येक वेळी सोबत लिहा.

खतावणी

आणि पत्राची मूळ प्रत विकत घेणाऱ्याला रायफल देतानाच द्या, आधी देऊ नका. वर जे ‘उद्योग’ म्हटले ते बहुतेक वेळा अशा सुट्या फिरणाऱ्या पत्रांवरूनच सुरू होतात.